तातेरावांचे चारशे बारा कामकरी

माणसं मोजताना तातेरावांची नेहमी एकाने चूक होई, आणि तो एक म्हणजे ते स्वतः. घरी पाहुणे आले आणि सरुबाईंनी चुलीपासून विचारलं, "किती जणाच्या भाकरी टाकू?" की तातेराव बाहेरच्या बाजेवर एक नजर फिरवून सांगत, "चार." भाकरी चौघांच्या पडत आणि जेवायला पाच जण बसत. मग सरुबाई आपल्या वाटणीतली अर्धी भाकरी नवऱ्याच्या ताटात टाकत आणि विचारत, "अवो, तुमी काय वाऱ्यावर जगायलात का?" हे लग्न झाल्यापासून चालू होतं. पण याच माणसाला किडे मोजायला लावा, एका पायाचीही चूक व्हायची नाही.

तातेराव मूळचे देगलूरकडचे. हैदराबादेत येऊन मलकपेठेच्या पलीकडे, मूसी नदीच्या अंगाला असलेल्या एका सरकारी भाजीवाडीत ते फवारणीवाले म्हणून चिकटले. वाडी चार एकरांची. अर्ध्यात वांगी, अर्ध्यात वालाचे मांडव, कडेला पंप ठेवायची खोली आणि तिच्या पाठीला पाठ लावून तातेरावांची खोली. वाडीतली भाजी शहरातल्या एका दवाखान्याच्या भटारखान्यात जाई. म्हणजे खाणारे सगळे आधीच आजारी. ही साधी गोष्ट पहिली दोन वर्षं तातेरावांच्या डोक्यात शिरली नाही, आणि त्याबद्दल त्यांना माफी नाही.

कारण ती दोन वर्षं त्यांच्या अंगात आलं होतं. डीडीटी नवी नवी आली होती. पाठीवर पंप, हातात नळी, आणि समोर येईल ते भिजवायचं. वांगी भिजली, वाल भिजला, खाटेतले ढेकूण भिजले. इथवर एक वेळ ठीक. पण शेजारच्या मालनबाईंच्या कोंबडीला उवा असाव्यात असा नुसता अंदाज आला म्हणून तातेरावांनी कोंबडीही भिजवली. कोंबडी वाचली, पण तेव्हापासून तातेराव दिसले की ती छपरावर चढायची आणि मालनबाईंनी कितीही कणी टाकली तरी उतरायची नाही. अंडी छपरावरच घालायची. शेवटी एक दिवस तातेराव डीडीटीचा रिकामा डबा घासून घेऊन आले आणि म्हणाले, यात ज्वारी मस्त राहील. त्या दिवशी सरुबाईंनी डबा आणि नवरा दोन्ही दाराबाहेर ठेवले आणि आतून कडी घातली.

त्यातून शहाणपण आलं असतं तर काय हवं होतं! ते आलं वांग्यावरून. इतकं फवारूनही वांग्याच्या पानांखाली लाल कोळी नावाची कीड पडली, पानं तांबूस झाली, बारीक जाळी धरली. तातेरावांनी पुन्हा फवारलं. कोळी दुप्पट झाला. पुन्हा फवारलं, तर चौपट. तातेराव डोक्याला हात लावून वालाच्या मांडवाखाली बसले होते, तेव्हा वाडीचा म्हातारा माळी खाजा मियाँ तिथं आला. त्यानं खालची माती ओंजळीत घेतली आणि तातेरावांपुढं धरली. ओंजळभर ढालकिडे होते, मसुराच्या डाळीएवढे, केशरी पाठीवर काळे ठिपके असलेले. सगळे उताणे पडलेले.

"ये रोज सुबू उठके किडे खाते थे जी," खाजा मियाँ म्हणाला. "तनखा नईं, छुट्टी नईं. क्या तातेराव, अपने मजदूराँ कूइच मार डाले?"

तातेरावांना फार वाईट वाटलं. इतकं की त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि जेवणाऱ्यांत आपण होतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

तिथून माणूस बदलला. पंपाला हात लावायच्या आधी ते सकाळच्या उन्हात वाडीतून आडवे-तिडवे फिरत. वीस झाडं बघत, प्रत्येकाचं एक पान वरचं, एक मधलं, एक बुडाचं. पानामागं मावा किती, तुडतुडे किती, आणि त्यांना खाणारे ढालकिडे किती, हे सगळं वहीत. खाणारे पुरेसे असले की पंप खोलीतच. वांग्याचा शेंडा कोमेजलेला दिसला की खुडायचा आणि आतली अळी टाचेखाली घ्यायची. मांडवाच्या मधे मधे त्यांनी काठ्या रोवल्या होत्या, त्यांवर अळ्या टिपणारे कोतवाल पक्षी येऊन बसत आणि तातेराव त्यांना सलाम करत. आणि कधी एखाद्या ओळीत कीड हाताबाहेर गेलीच, तर तेवढ्याच ओळीला औषध. तेही मापाने, तोंडाला फडकं बांधून, वारा पाठीशी घेऊन, मधमाश्या घरी गेल्यावर. त्या ओळीला मग लाल चिंधी बांधायची, आणि पंधरा दिवस त्यातलं वांगं तोडायला कुणी हात लावला तर तातेराव सख्ख्या भावालाही ओळखत नसत. रिकामा डबा ठोकून भोकं पाडून पुरायचा. ही शेवटची अट सरुबाईंची होती.

खाजा मियाँचा तो शब्द मात्र त्यांच्या मनात बसला तो बसलाच. ढालकिड्यांना ते किडे म्हणेनात. "आज कामकरी कमी आलेत," ते सरुबाईंना सांगत. "ढग हायत ना."

असं सगळं सुरळीत चालू होतं, आणि छप्पन साल उजाडलं.

हैदराबाद राज्याचे तीन वाटे व्हायचे ठरले. मराठवाडा मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्राला. तारीख एक नोव्हेंबर. झालं, कचेऱ्यांत वाटणीची साथ आली. खुर्च्या मोजल्या, दौती मोजल्या, टांगलेले कंदील मोजले. एका कचेरीत भिंतीवरचं घड्याळ एकच होतं. ते कोणाकडे जावं यावर इतकं वाजलं की अखेर ते बंद करून कपाटात कुलपात ठेवलं, आणि मग सगळेच उशिरा येऊ लागले.

सप्टेंबरात आबिड्सच्या कचेरीतून हेडक्लार्क भगवंतराव रिक्षाने वाडीत आले. भगवंतरावांचं अक्षर मोत्यांसारखं होतं आणि त्यांचा त्या अक्षरावर इतका जीव होता की आपण काय लिहितो आहोत याकडे त्यांचं कधी लक्षच जात नसे. त्यांनी तातेरावांपुढे एक छापील तक्ता ठेवला.

"वरच्या ओळीत तुमचं नाव. खाली वाडीत कीड घालवायचं काम कोण कोण करतं, किती जण, कामाची वेळ, पगार, मुक्काम. खरं तेच लिहा हो, सरकारी कागद आहे."

खरं तेच लिहा, असं तातेरावांना सांगायची गरज नव्हती. ते चष्मा लावून बसले. वाडीत कीड घालवायचं काम कोण करतं? वही काढली. सकाळचाच आकडा ताजा होता. त्यांनी लिहिलं: कामकरी, चारशे बारा. काम, कीड नाहीशी करणे. वेळ, सूर्योदय ते सूर्यास्त. पगार, नाही. रजा, पावसात. मुक्काम, वालाचा मांडव. वरची ओळ त्यांनी कोरीच ठेवली. आपण तर भगवंतरावांच्या समोरच बसलो आहोत, आणखी कशाला लिहायचं, असं त्यांना वाटलं.

भगवंतरावांनी कचेरीत जाऊन मोत्यांसारख्या अक्षरात तीन प्रती काढल्या, आणि तीन राज्यांसाठी तीन गठ्ठ्यांत घातल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाडीत नवे साहेब आले. प्रतापराव त्यांचं नाव. गडी तरणा, बूट करकरीत, आणि सोबत बैलगाडीतून डीडीटीचे एकतीस डबे.

"तातेराव, हे तीस तारखेच्या आत संपवायचे," साहेब म्हणाले.

"कशावर मारायचे, साहेब?"

"सगळ्यावर."

"पण कीड कुठाय? मी सकाळीच बघितलं. मावा हाय, पण खाणारेबी हायत."

"कीड असो नसो," साहेब वैतागले. "एकतीस डब्यांचे तीन वाटे होत नाहीत. एक डबा उरतो. तो कुणाला द्यायचा यावर मी तीन कागद लिहिले, तीन उलट कागद आले. शिल्लकच राहिली नाही तर वाटायचं काय? तीसला मी स्वतः येतो, चार पंप घेऊन. एक पान कोरडं राहता कामा नये."

तातेराव हात जोडून म्हणाले, वाल तोडणीला आलाय, तो दवाखान्यात जातो, आजारी माणसं खातात. साहेब म्हणाले, धुऊन खातील. तातेराव म्हणाले, साहेब, धुतल्यानं जात नाही, आणि माझे कामकरी मरतील. साहेबांनी खाजा मियाँकडं बघितलं. चांगला गलेलठ्ठ, विडी ओढत बसलेला.

"त्यांना त्या दिवशी सुट्टी द्या," असं म्हणून साहेब निघून गेले.

ते तीन आठवडे तातेरावांचे फार वाईट गेले. रोज सकाळी ते मांडवाखाली जात, पानं उलटत, मोजत. ढालकिड्यांची पिल्लं झाली होती, करड्या रंगाची, माव्याच्या मागं वेड्यासारखी धावणारी. तातेराव त्यांच्याकडं बघत आणि त्यांना भडभडून येई. तीस तारखेला यांतलं एकही राहणार नव्हतं. सरुबाईंनी उपाय सुचवला की सगळे किडे लुगड्यात गोळा करून तेवढा दिवस बेगम बाजारात मावशीकडं नेऊन ठेवू. खाजा मियाँ म्हणाला, पंपां मूसी में फेक देते. तातेराव दोघांनाही नको म्हणाले. पंप सरकारी होते आणि मावशी कडक होती.

आणि एकोणतीस तारखेला दुपारी भगवंतराव आले. रिक्षातून उतरले ते धापा टाकतच.

"तातेराव, तुमचे ते चारशे बारा लोक कुठं आहेत?"

"कामावर."

"अहो, तिकडं रणकंदन चाललंय! सगळ्या राज्यात एवढी माणसं कुठल्या वाडीत नाहीत, आणि पगार शून्य! मुंबईवाले म्हणतात, आम्हाला द्या. म्हैसूरवाले म्हणतात, निम्मे तरी द्या. आंध्रावाले म्हणतात, जमीन आमची, माणसं आमची. एक जण तर म्हणाला, बिनपगारी माणसं इतकी आनंदानं काम करतात म्हणजे त्यांच्या मुकादमालाच मंत्री करा. मला एकदा दाखवा तरी!"

तातेरावांनी त्यांचा हात धरून त्यांना वालाच्या मांडवाखाली नेलं आणि एक पान उलटं केलं. भगवंतरावांनी पाहिलं. मग दुसरं पान पाहिलं. मग ते हळूच खाली मातीत बसले, धुतल्या धोतरासकट.

"मी तीन प्रती काढल्या हो," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तीन प्रती."

सरुबाईंनी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर भगवंतरावांनी पिशवीतून एक कागद काढला. वाटप होईपर्यंत भांडण थांबावं म्हणून वरून हुकूम निघाला होता, तोच ते द्यायला आले होते. त्यांनी तो वाचून दाखवला: सदर चारशे बारा कामकऱ्यांना अंतिम वाटप होईपर्यंत कोणीही मुक्कामावरून हलवू नये, त्यांच्या कामात अडथळा आणू नये, व त्यांना कोणत्याही प्रकारे इजा पोहोचल्यास संबंधित अधिकाऱ्यास जबाबदार धरण्यात येईल.

"परत वाचा," तातेराव म्हणाले. भगवंतरावांनी परत वाचला. तातेरावांनी त्यांच्याकडून तो कागद घेतला, घडी घातली आणि टोपीत ठेवला. त्या रात्री त्यांना तीन आठवड्यांनी नीट झोप लागली.

तीस तारखेला प्रतापराव साहेब चार पंप आणि चार माणसं घेऊन हजर झाले. तातेराव मांडवाच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली, कागद काढला, दिला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला, मग उन्हातून सावलीत येऊन वाचला.

"बरोबर आहे. बोलवा त्यांना बाहेर, आपण मग फवारू."

"बोलावून येत न्हाईत, साहेब. आणि मुक्कामावरून हलवायचं न्हाई असं लिवलंय."

"मग मी आत जातो." साहेब आत गेले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तेवढ्यात एक ढालकिडा उडत आला आणि साहेबांच्या बाहीवर बसला. साहेबांनी टिचकी मारायला बोट उचललं.

"अंहं, साहेब!" तातेराव ओरडले. "इजा!"

साहेबांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी बोटाकडं बघितलं, बाहीकडं बघितलं, मग मांडवभर केशरी ठिपके हलताना त्यांना दिसले, आणि हुकमातलं एकेक वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं.

"हे? हे चारशे बारा?"

"तवा होते. आता पिल्लं धरून सहाशेच्या वर हायत. पण ती कच्च्यात धरली."

"मी आत्ता वर कळवतो हा मूर्खपणा!"

"कळवा की. पण त्या तक्त्याच्या खाली तपासून सही हाय ती कुणाची, ते भगवंतरावांनी सांगितलं मला."

सही प्रतापरावांचीच होती. नवे नवे रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी सातशे कागदांवर सह्या केल्या होत्या. साहेब वालाच्या बुंध्याशी मटकन बसले, भगवंतराव बसले होते तिथंच. बाहीवरचा ढालकिडा आता खांद्यावर चढला होता आणि त्याला हटवायची कुणाची टाप नव्हती.

"आणि ते एकतीस डबे?" साहेब रडवेले होऊन म्हणाले. "उद्या महिना संपतो."

तातेराव त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. त्यांना साहेबांची खरोखर कीव आली. "साहेब, एकच डबा जास्तीचा हाय ना? मग एकच संपवा. तीस राहतील, धा-धा वाटा."

साहेबांनी मान वर केली. महिनाभर तीन राज्यांशी पत्रव्यवहार चालला होता, आणि ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. "आज?" त्यांनी विचारलं.

"आज तुमी तो माझ्या नावावर खर्ची लिवा. वांग्याच्या कडेच्या ओळीत तुडतुडे वाढलेत, तिथं सांजच्याला मारतो. बाकीचा लागंल तसा."

संध्याकाळी तातेरावांनी तोंडाला फडकं बांधलं, वारा पाठीशी घेतला आणि ती एक ओळ फवारली. लाल चिंधी साहेबांनी स्वतः बांधली. गाठ सैल पडली, ती सरुबाईंनी पुन्हा मारली. तो एकतिसावा डबा तातेरावांनी लागेल तसा वापरत पुढं चार वर्षं पुरवला.

राज्याचे तीन वाटे झाले. तीस डबे दहा-दहा गेले. चारशे बारा कामकऱ्यांचं अंतिम वाटप नोव्हेंबरच्या मध्यावर लागलं: मुक्काम वालाचा मांडव असल्याने व वाल हलवता येत नसल्याने ते जागेवरच राहतील. वाडीत आनंदीआनंद झाला. खाजा मियाँनं पाव शेर जिलबी आणली, भगवंतराव आणि साहेबही आले. आणि जिलबी खाता खाता भगवंतरावांनी यादी एकदा वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच नीट, आणि हातातली जिलबी खाली ठेवली.

"तातेराव, तुमचं नाव कुठं आहे?"

नाव कुठंच नव्हतं. वरची ओळ कोरी होती. मुंबईच्या यादीत तातेराव नव्हते, म्हैसूरच्या नव्हते, आंध्राच्या नव्हते. तीन सरकारांनी मिळून चारशे बारा किडे नोकरीत ठेवले होते आणि त्यांना वाचवणारा माणूस कुणाच्याच हिशेबात नव्हता. तातेरावांचा चेहरा उतरला. जिलबीचा तुकडा हातातच राहिला. नोकरी गेली तर खोली जाणार, वाडी जाणार, आणि सकाळी पानं उलटायला दुसरंच कुणी येणार, पाठीवर पंप घेऊन.

"नवी जागा निघत नाही आता," भगवंतराव म्हणाले. "वाटप बंद झालं. पुरवणीत एखादं नाव चढवता येतं, पण आहे त्या खात्यातच."

"मग चढवा की," सरुबाई आतून म्हणाल्या. त्या पीठ मळत होत्या आणि त्यांचा आवाज एकदम करडा होता. "चारशे बारा हायत, तितं चारशे तेरा करा. ह्यांचं तरी दुसरं काय काम हाय? दिवस उगवला की मांडवाखाली, मावळला की घरला. फकस्त पगाराच्या खान्यात न्हाई लिवू नका म्हंजे झालं."

भगवंतरावांनी दौत उघडली आणि मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं: क्रमांक चारशे तेरा, तातेराव. काम, कीड नाहीशी करणे. मुक्काम, वालाच्या मांडवालगत. या वेळी त्यांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. प्रतापराव साहेबांनीही सही करण्याआधी वाचलं, आणि मग हसत सही केली.

त्या नोकरीवर तातेराव पुढं एकवीस वर्षं राहिले. बढती कधी मिळाली नाही. अर्ज केला की दर वेळी तेच उत्तर यायचं, की आपणापूर्वी चारशे बारा सेवाज्येष्ठ कामकरी असून त्यांचा विचार आधी होणे क्रमप्राप्त आहे. तातेरावांची त्याला हरकत नव्हती. ते कामकरी आपल्याहून थोरच, असं ते म्हणत.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी कागदावरची शाई वाळत होती, बाहेर बाजेवर भगवंतराव, साहेब, खाजा मियाँ आणि मालनबाई बसले होते, आणि मालनबाईंची कोंबडी छपरावर होती.

"किती जणाच्या टाकू?" सरुबाईंनी आतून विचारलं.

तातेरावांनी बाजेवर नजर फिरवली. "चार," ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनी एकदा कागदाकडं पाहिलं. "न्हाई, थांब. चार आणि मी."

सरुबाईंनी तव्यावर टाकायला उचललेली भाकरी तशीच हातावर धरली. मग त्यांनी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.